लाल थेंबाची राहिलेली नोंद

आमच्या मेलबर्नच्या मराठी मंडळातल्या, क्रेगीबर्नला राहणाऱ्या वैदेहीचा फोन आला. "काका, दिवाळी अंकासाठी काहीतरी लाइट द्या ना. मागच्या वर्षी तीन लेख मधुमेहावर आले होते."

देतो म्हटलं. माझ्याकडे जे आहे ते एका लोणच्याच्या थेंबाएवढं आहे, म्हणजे तसं हलकंच. पण एकतीस वर्षं खिशात घेऊन फिरलो तर थेंबसुद्धा खिसा फाडतो.

मंडळात माझी ओळख 'कागदाचा डॉक्टर' अशी आहे. मेलबर्नमधल्या एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात, जिथे ऊन आणि माणसं दोन्ही येऊ देत नाहीत, अशा खोलीत मी नोकरी केली. फाटलेलं जोडायचं, वाळवीने खाल्लेलं भरायचं, डाग काढायचे. माझे सर्वांत मोठे शत्रू उंदीर नव्हेत, तर चिकटपट्टी वापरणारी प्रेमळ माणसं. आजोबांचं पत्र फाटलं की लोक ते चिकटपट्टीने जोडतात आणि वीस वर्षांनी आमच्याकडे रडत येतात.

आमच्या धंद्याचे नियम दोनच. पहिला, केलेलं काम दिसता कामा नये. नवी सून घरात आल्यावर कपबशा कुठे असतात हे न विचारता चहा करते, तितक्या बेमालूमपणे आपला तुकडा जुन्या कागदात मिसळला पाहिजे. दुसरा, जे केलं ते फाइलमध्ये लिहायचं. ब्रशचा एक फटकारा मारला तरी लिहायचं. म्हणजे लोकांपासून लपवायचं आणि फाइलला सगळं सांगायचं. मी पहिला नियम चाळीस वर्षं पाळला. दुसरा एकदा मोडला.

त्या 'एकदा'कडे येण्याआधी चित्राबद्दल सांगायला हवं.

सतराव्या शतकात, ज्याला बरोक म्हणतात त्या भपकेबाज काळात, युरोपात जुन्या ग्रीक-लॅटिन काव्यांच्या सचित्र आवृत्त्या निघत. चित्र तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कलमाने कोरायचं, रेघांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओला कागद दाबून छापायचं. आपल्याकडे ताम्रपटावर जमिनी दान दिल्या, त्यांनी ताम्रपटावर गोष्टी सांगितल्या. या चित्रांत उगाच काही नसतं. आपल्या तसबिरीत पायाशी उंदीर दिसला की वर कोण बसलंय हे सांगावं लागत नाही, तसंच. पंख असलेलं पोर मशाल उलटी धरून उभं असेल, तर प्रेम विझलं. म्हातारा कलंडलेल्या घड्याला टेकून बसला असेल, तर तो नदीचा देव.

या म्हाताऱ्यावरून आठवलं. वर्षातून एकदा लोकांनी आपापले जुने कागद दाखवायला आणायचे, असा आमचा दिवस असे. एकदा एक निवृत्त प्लंबर असंच एक चित्र छातीशी धरून आला. तीस वर्षं त्याने ते दुकानात लावलं होतं. मला दोस्तासारखं म्हणाला, "मेट, खरं सांग, हा आमच्यातला पहिला प्लंबर आहे ना? बघ, घडा गळतोय आणि हा नुसता पडून आहे. अगदी माझा पार्टनर!" मी सांगितलं की हा देव आहे. त्याचा चेहरा इतका पडला की मी घाईघाईने म्हणालो, "म्हणजे पाणीपुरवठ्याचाच देव." तो खूश होऊन गेला. अर्थ सांगताना समोरच्याचा चेहरा बघून थोडं वाकवायची सवय मला तेव्हापासून लागली. ती पुढे फार नडली.

तर असंच एक पुस्तक माझ्याकडे दुरुस्तीला आलं. त्यातलं एक चित्र सुटं झालं होतं. एक मुलगी पळते आहे, मागे एक देव लागला आहे. तिला तो नको आहे. ती बापाला हाक मारते, आणि बाप तिला वाचवतो ते तिचं झाड करून. कोरणाऱ्याने नेमका तोच क्षण पकडला होता. बोटांना पानं फुटली आहेत, पाय मुळं झाले आहेत, झाडाची साल गळ्यापर्यंत चढली आहे आणि वर चेहरा अजून माणसाचा आहे. कोपऱ्यात तो घडेवाला म्हातारा बसला आहे, तोच तिचा बाप. खाली दगडावर एक गोगलगाय. देव धावतो आहे, मुलगी धावते आहे आणि गोगलगाय मात्र आरामात निघाली आहे. कोरणाऱ्याला विनोद कळत होता.

मला त्या चित्राचा कोपरा जोडायचा होता. दुपारचे साडेबारा झाले होते.

इथे डब्याची गोष्ट आली. आमच्या जेवणाच्या खोलीत एकच मायक्रोवेव्ह होता. मी डबा गरम केला की कुणीतरी नाक वर करून म्हणे, "वॉव वॅस, स्ट्राँग!" वसंतचं तिथे वॅस झालं होतं. वाईट हेतूने कुणी म्हणत नसे, पण रोज कुणीतरी म्हणेच. मग मी गुपचूप कामाच्या टेबलाशीच जेवायला लागलो. कागदाच्या दवाखान्यात अन्न म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये फोडणी! पकडलो असतो तर नोकरीच गेली असती. म्हणून चित्रावर टीपकागद टाकला, खुर्ची हातभर मागे घेतली आणि मांडीवर डबा उघडला. त्या दिवशी मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, ओल्या हळदीचं लोणचं दिलं होतं. डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानात ओली हळद पहिल्यांदा मिळाली म्हणून ती चार दिवसांपासून हवेत होती. लिंबाच्या रसात मुरलेले ते पिवळेधमक तुकडे!

एक तुकडा चमच्यावरून निसटला, डब्याच्या कडेवर आपटला आणि त्याचा एक थेंब उडाला. आता टीपकागदाने अख्खं चित्र झाकलेलं होतं, फक्त वरची चार बोटं जागा उघडी होती. थेंब बरोबर तिथेच पडला. मुलीच्या गळ्याशी, जिथे साल संपते आणि कातडी सुरू होते तिथे.

हळदीचा डाग काय चीज असते हे तुम्हाला सांगायला नको. लग्नातला सदरा आठवा. मी पाण्याचा बोळा लावला, डाग ढिम्म. मग मला आमचं रामबाण औषध आठवलं. जुना कागद आतून आंबट होतो आणि पापडासारखा तुटायला लागतो. त्यावर आम्ही चुन्याची निवळी वापरतो. थेंब लिंबाचा म्हणजे आंबट, निवळी आंबटपणा मारते, म्हणजे डाग जाईल, असा माझ्या घाबरलेल्या डोक्याने हिशेब केला. बारीक ब्रश बुडवला आणि टेकवला.

डोळ्याचं पातं लवायच्या आत पिवळा थेंब लालबुंद झाला.

मी इंजिनिअर घराण्यातला, रसायनशास्त्रात पहिला आलेला, कागदाच्या रसायनांवर लोकांना लेक्चर देणारा माणूस. संध्याकाळी घरी जाऊन मंगलला सगळं सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. "अहो, हळदीवर चुना घातलात? कुंकू केलंत की!" आणि ती हसायला लागली. लाटण्यावर डोकं टेकून हसली. "चौथीतल्या पोरीला विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. चांगला कुंकवाचा कारखाना काढून आलात!"

दुसऱ्या दिवशी मी फाइल भरली. 'फाटलेला कोपरा जपानी कागदाने जोडला. इतर काही नाही.' पेन्सिलीने लिहिलं, सुवाच्य अक्षरात. लाल थेंब अंधाऱ्या पेटीत गेला. मी म्हटलं, सुटलो. अशी पुस्तकं पन्नास पन्नास वर्षं कुणी मागत नाही.

आठ महिन्यांनी हेलन आली.

हेलन विद्यापीठात शिकवायची. जुन्या चित्रांतल्या खुणांचे अर्थ लावणं हाच तिचा प्रांत. उंच, मोठ्या आवाजाची, गळ्यात दोरीला भिंग. ती खोलीत आली की धूळसुद्धा उठून उभी राहायची. तिला गोगलगायीवर लिहायचं होतं. मी पेटी उघडून दिली आणि पलीकडे जाऊन बसलो.

"वॅस! वॅस, इकडे ये!"

गेलो. भिंग थेट त्या थेंबावर होतं.

"हे बघ. रंग! संपूर्ण पुस्तकात कुठेही रंग नाही आणि नेमका इथे एक थेंब. सीमेवर! झाड आणि बाई यांच्या बरोबर सीमेवर! कुणीतरी हाताने लावलाय. तिच्यातला शेवटचा माणूसपणाचा थेंब, वॅस! रक्त!"

"हेलन, अॅक्च्युअली..."

"थांब, मला रडू येतंय." आणि ती खरंच रडली. मग डोळे पुसून एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "तू कागदवाला आहेस. तू सांग. नंतर कुणी सांडलेलं तर नाही ना?"

हाच तो क्षण. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला प्लंबर आठवला.

"कागदात चांगलं मुरलेलं आहे," मी म्हणालो.

वाक्य शंभर टक्के खरं होतं. तेच माझं पाप.

पुढचं सांगताना मला आजही एका डोळ्याने हसू येतं आणि दुसऱ्याने लाज वाटते. हेलनने त्या थेंबावर मोठा लेख लिहिला. लेख गाजला. तळटिपेत माझं वाक्य होतं, 'दुरुस्ती तज्ज्ञाच्या मते रंग कागदात मुरलेला आहे.' शेवटी आभारात, 'वॅसला, ज्याने हा थेंब सांभाळला.' मग ग्रंथालयाने त्याचं पोस्टकार्ड काढलं. मग कापडी पिशवी. मुलीच्या गळ्याशी लाल ठिपका, बाकी सगळं काळं-पांढरं. एकदा ट्राममध्ये माझ्यासमोर बसलेल्या मुलीच्या मनगटावर तेच चित्र गोंदलेलं दिसलं, ठिपक्यासकट! मी स्टॉप येण्याआधीच उतरलो आणि दोन स्टॉप चालत गेलो. मंगलच्या लोणच्याचा थेंब आता लोकांच्या कातडीवर गेला होता.

एका वर्षी मंडळाची सहल मी ग्रंथालयात नेली. लोकांनी मोर बघून सरस्वती ओळखली, घुबड बघून लक्ष्मी. दोन्ही चूक, पण आत्मविश्वास दांडगा. या चित्रापाशी आलो तेव्हा लिमयेंच्या सासूबाई, नुकत्याच सांगलीहून आलेल्या, काचेला नाक लावून म्हणाल्या, "झाडाला कुणी कुंकू वाहिलंय वाटतं."

मी घाईघाईने म्हणालो, "नाही हो मावशी, ती इकडची पद्धत आहे. रक्ताचं चिन्ह आहे ते."

"असेल बाई," त्या म्हणाल्या. "पण रंग चुन्यातल्या कुंकवाचाच आहे." जगभरातल्या पंडितांनी तो थेंब बघितला होता. ओळखला तो एकट्या मावशींनी. आणि मी त्यांना खोटं पाडलं.

मंगल दर दोन-चार वर्षांनी विचारायची, "सांगितलंत का त्या बाईला?" मी म्हणायचो, आता सांगून काय उपयोग? ती म्हणायची, "मग मला का सांगितलंत? मी एकटीने किती वर्षं हसू?"

मी निवृत्त झालो, हेलनही झाली. दर महिन्याला आम्ही कॉफी प्यायचो. गेल्या वर्षी ती धापा टाकत आली. एक्याऐंशीची, हातात काठी, पण आवाज तोच. "वॅस, न्यूज! ग्रंथालय त्या पुस्तकाचं प्रदर्शन भरवतंय. उद्घाटनाचं भाषण माझं. आणि त्यांनी नवीन यंत्र आणलंय. कागदाला हात न लावता रंग कशाचा ते सांगतं. भाषणाच्या आदल्या दिवशी थेंब तपासणार आणि निकाल मी स्टेजवरून जाहीर करणार! दगड कुटून केलेला रंग निघेल की किड्यांपासून केलेला? पैज लाव!"

यंत्र ना दगड म्हणणार, ना किडा. यंत्र म्हणणार हळद. आणि भरल्या सभेत तो कागद उघडणार होती हेलन. तिच्या आयुष्याचं सर्वांत गाजलेलं काम तिच्याच तोंडून, माइकवर, लोणचं ठरणार होतं.

चार आठवडे होते. त्यातले अडीच मी धाडस गोळा करण्यात घालवले. मग एक दिवस सकाळी मंगलने माझ्यासमोर पिशवी ठेवली. आत फॉस्टर स्ट्रीटवरून आणलेली ओली हळद, लिंबू, खायच्या चुन्याची डबी आणि टीपकागद. "तोंडाने जमत नसेल तर करून दाखवा," ती म्हणाली.

हेलनच्या घरी, तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, मी टीपकागद पसरला. हळद किसली, लिंबू पिळलं, एक थेंब टाकला. पिवळा. हेलन कौतुकाने बघत होती, तिला वाटलं रेसिपी आहे. "सुंदर रंग! भाताला का?" मी चुन्याचं पाणी काडीने टेकवलं.

लाल.

बाहेर मॅगपाय पक्षी ओरडत होते. तिचा हात आपोआप गळ्यातल्या भिंगाकडे गेला, मग मध्येच थांबला. भिंगाची गरज नव्हती.

"कधी?" तिने विचारलं.

"तू पहिल्यांदा आलीस त्याच्या आठ महिने आधी. माझा डबा होता."

"मी तुला विचारलं होतं, वॅस."

"हो."

"विचारलं होतं मी तुला. स्पष्ट."

"हो, हेलन."

"आता तू घरी जा."

मी गेलो. आठ दिवस फोन नाही. त्या आठ दिवसांत मी ग्रंथालयाला पत्र लिहिलं, सगळं सांगितलं. मंगल लोणच्याची बरणी पुसून परत परत तिथेच ठेवत होती. लेख मागे घ्यावा लागेल, भाषण रद्द होईल, म्हातारी या धक्क्याने जाईल, असं सगळं माझ्या डोक्यात झालंसुद्धा होतं.

नवव्या दिवशी फोन आला. "वॅस, मी तुला माफ केलेलं नाही. हे आधी ऐक."

"ऐकलं."

"चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांना एकच शिकवलं. खूण दिसली की आधी विचारा, ही इथे कुणी ठेवली आणि त्या दिवशी तो काय करत होता. आणि स्वतः काय केलं? रडले, आणि भिंगाला विचारायचं ते डबेवाल्याला विचारलं. शनिवारी तुझी ती किसणी घेऊन ये. यंत्राचा निकाल वाचायच्या आधी तूच स्टेजवर करून दाखवायचंस."

"स्टेजवर? हेलन, माझे पाय..."

"तुझे पाय लटपटावेत अशीच माझी इच्छा आहे. सी यू, मेट."

शनिवारी दुपारी सभागृह भरलं होतं. हेलनने आधी स्वतःचा जुना सिद्धांत पूर्ण, अगदी रंगवून सांगितला. रक्त, सीमा, शेवटचा माणूसपणा. लोक भारावले. मग ती म्हणाली, "आता ज्याने हा थेंब सांभाळला तो माणूस बोलेल." मी किसणी घेऊन उभा राहिलो. सदऱ्यावर हळद सांडली. पहिला थेंब टेबलावरच पडला. दुसरा नीट पडला. चुना टेकवला. कॅमेऱ्याने तो मागच्या पडद्यावर भिंतीएवढा दाखवला. पिवळ्याचा लाल होताना अख्ख्या सभागृहाने श्वास आत घेतला, आणि मी म्हणालो, "हे माझं दुपारचं जेवण होतं."

आधी कुणाला कळेना. मग मागच्या रांगेतून एक हसू फुटलं, मराठीच असणार, कारण पाठोपाठ "अगं, कुंकू!" ऐकू आलं. मग हेलन हसायला लागली. काठी खाली पडली तरी हसत होती. मग सगळे. पुढच्या रांगेतली मनगटावर चित्र गोंदलेली एक मुलगी मनगटाकडे बघून, एका हाताने तोंड दाबून हसत होती. ट्राममधलीच होती की दुसरी, विचारायची माझी हिंमत झाली नाही. यंत्राचा निकाल हेलनने सगळ्यात शेवटी वाचला. हळद आणि चुना. माझ्यावरचा गुन्हा शाबीत झाल्यावर टाळ्या वाजल्या.

डाग ठेवायचा की काढायचा, यावर ग्रंथालयात म्हणे बरीच चर्चा झाली. शेवटी ठेवायचं ठरलं, कारण आता तोही त्या कागदाचा इतिहास झाला आहे. मी स्वतः जाऊन त्या जुन्या फाइलमध्ये राहिलेली ओळ लिहिली, पेन्सिलीने, तारखेसकट. हेलनने नवा लेख लिहायला घेतला आहे. त्यात ती स्वतःलाच पहिल्यापासून खोडते आहे, आणि फोनवर म्हणते की चाळीस वर्षांत इतकी मजा आली नव्हती. माफ मात्र केलेलं नाही. कॉफीला भेटलो की दर वेळी सांगते, आणि मग माझं बिस्किटही खाते.

प्रदर्शनात चित्राशेजारी नवी पाटी लागली आहे. आधी कोरणाऱ्याची माहिती, मग ताम्रपटाची, आणि शेवटी, 'गळ्याशी लाल थेंब: हळद आणि चुना, मेलबर्न', पुढे माझं पूर्ण नाव. वॅस नाही, वसंत. मी किती कागद जोडले त्याची गणती नाही. नियमच तसा होता, म्हणून त्यातल्या एकावरही माझं नाव नाही. नाव लागलं ते डागावर.

मंगलला मी पाटी दाखवायला नेलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, मग माझ्याकडे वळली.

"हळद कुणाची?" ती म्हणाली. "चिरली कुणी, लिंबू कुणी पिळलं, चार दिवस मुरवलं कुणी? तुम्ही तर नुसतं सांडलंत."

मी पाटी पुन्हा वाचली. तिचं बरोबर होतं. ग्रंथालयाला पत्र पाठवलं आहे, पण पाट्या बदलायला त्यांना वेळ लागतो. तोवर ही नोंद इथे करून ठेवतो. लोणचं मंगलचं होतं.